चिमूटभर म्हणजे किती

"घे," बाबा म्हणाले. "चिमूटभर घे."

सकाळचे साडेसात वाजले होते. जानेवारीतली अमरावतीची थंडी, फरशीवर पाय टेकवत नव्हता, आणि मी शाल गुंडाळून चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात आले होते. ओट्यावर चहाचं भांडं नव्हतंच. एका बाजूला तिखटाचा डबा उघडा होता आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या पेटीतला पितळी तराजू. बाबांनी माझ्यापुढे एक कोरा कागद धरला होता.

कशासाठी, असं मी विचारलं.

"विचारू नकोस. विचार केला की चिमूट बदलते. रोज भाजीत टाकतेस तशी घे आणि इथे सोड."

मी घेतली, सोडली. त्यांनी कागद अलगद पारड्यात रिकामा केला आणि चिमट्याने कण्यांएवढी वजनं एकेक करून दुसऱ्या पारड्यात ठेवली. काटा थांबेपर्यंत मला श्वासही घेऊ दिला नाही.

"दोनशे साठ मिलिग्रॅम," ते म्हणाले. "माझी तीनशे चाळीस येते." आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू आम्हां दोघांपैकी एक जण गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकाला फसवत आला आहे.

माझे बाबा, दिवाकर धर्माळे, वजनमापे खात्यात तेहेतीस वर्षं निरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी दुकानादुकानांतली वजनं तपासली, मापांवर शिक्के मारले. बाजारात त्यांना लांबून येताना पाहिलं की भाजीवाले उगाचच पारडं पुसायला लागायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बंद पडलेल्या एका औषधाच्या दुकानातून तो तराजू विकत आणला होता. त्याला दुसरं काम नसल्यामुळे त्यावर ते सुपाऱ्या, बटणं आणि एकदा मेलेली माशीही तोलून बसले होते. पण स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध नव्हता. आई होती तोवर आईने पाहिलं, ती गेल्यावर सात वर्षं मी पाहत होते. त्यामुळे त्या सकाळी बाबा ओट्याशी उभे दिसले याचंच मला आधी नवल वाटलं.

मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. रविवारच्या पुरवणीतली पाककृती होती: मसाल्याचं हॉट चॉकलेट. दोन कप दूध, दोन चमचे कोको पावडर, गडद चॉकलेटचे चार तुकडे, एक चमचा साखर, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन वेलदोडे, किसलेलं थोडं जायफळ, आणि शेवटी चिमूटभर तिखट. कात्रण कात्रीने अगदी सरळ रेषेत कापलेलं होतं. बाबांचं सगळंच सरळ रेषेत असायचं.

"बाकी सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण चिमूटभर हे काय माप झालं? कुणाची चिमूट? काही म्हणजे काही लिहिलेलं नाही."

मला हसू आलं, पण मी हसले नाही, कारण त्या दिवसांत आमच्या दोघांत एक गोष्ट अडून बसली होती. मला पुण्याच्या कॉलेजात नोकरी लागली होती. एक फेब्रुवारीला रुजू व्हायचं होतं. बाबांनी माझ्याबरोबर यावं, हे घर भाड्याने द्यावं, असं मी महिनाभर सांगत होते. ते नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते, "बघू" म्हणत होते. शेवटी मी त्यांना संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. आणि मुदतीला आठ दिवस उरलेले असताना या माणसाने हॉट चॉकलेट करायला घेतलं होतं. तेही कोणी, तर जो माणूस बासुंदीची वाटी बाजूला सारतो त्याने.

पहिलं हॉट चॉकलेट त्यांनी त्याच दिवशी केलं. दूध मोजलं, साखर तोलली, दालचिनीचा तुकडा फूटपट्टीने मोजून बोटाएवढा तोडला. माझ्या बोटाएवढा की त्यांच्या, यावर पाच मिनिटं गेली. शेवटी गॅस बंद करून त्यांनी स्वतःच्या मापाचं, म्हणजे तीनशे चाळीस मिलिग्रॅम तिखट वरून भुरभुरलं आणि ढवळायचं विसरले. तिखट सगळं सायीवर बसलं. आम्ही दोघांनी एकदमच घोट घेतला. मी मोरीकडे धावले. बाबांच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती, पण निरीक्षकाने नमुना थुंकायचा नसतो असा त्यांचा समज असावा. त्यांनी तो गिळला, आणि बऱ्याच वेळाने, आवाज परत आल्यावर म्हणाले, "चिमूट चुकली."

चिमूट चुकली नव्हती, ढवळणं राहिलं होतं, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. दोन माणसांच्या चिमटीत ऐंशी मिलिग्रॅमचा फरक येतो म्हणजे खरी चिमूट काय हे शोधून काढलं पाहिजे, आणि ते एका घरात बसून कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, एका हातात तिखटाचा डबा आणि दुसऱ्या हातात तराजूची पेटी घेऊन घराबाहेर पडले.

आमच्या सोसायटीत दोन इमारती होत्या, मिळून सोळा घरं. बाबा एकेक दार वाजवायचे, नमस्कार करायचे आणि माणसाला चिमूटभर तिखट घ्यायला सांगायचे. सुरुवातीला लोकांनी थोर माणसाचा मान म्हणून घेतलं. आमच्या वर राहणारे काळमेघ सर शाळेत व्यायाम शिकवायचे. त्यांचे पंजे फावड्यासारखे. त्यांची चिमूट नऊशे दहा भरली. बाबांनी त्यांना शांतपणे सांगितलं की याला चिमूट म्हणत नाहीत, याला मूठ म्हणतात. चौकीदार रहीमभाईंची तीनदा घेतली तरी तीनशे वीसच्या आसपासच आली. तंबाखू मळणाऱ्याचा हात सराईत असतो, असा बाबांनी त्यावरून निष्कर्ष काढला आणि घरी येऊन मला तो कौतुकाने सांगितला.

तिसऱ्या दिवसापर्यंत दोन्ही जिन्यांत तिखट उडून बसलं होतं. वर जाणारा माणूस शिंकत जायचा आणि खाली येणारा शिंकत यायचा. शुभकामाला निघालेली एक मंडळी तर अपशकुन नको म्हणून तीनदा परत फिरली. आणि मग कुणीतरी अफवा उठवली. बाबा सरकारी खात्यातले, हातात तराजू, दारोदार फिरतायत, म्हणजे ही सरकारी पाहणीच असणार. आता रेशनवर तिखट मिळणार, आणि ज्याची जेवढी चिमूट भरेल तेवढं त्याला मिळणार. एका दिवसात चिमट्या दुपटीने वाढल्या. लोक तीन बोटांऐवजी पाचही बोटं वापरायला लागले. शेजारच्या सोसायटीतले लोक, आमचीही नोंद घ्या म्हणून, येऊन बसले. खालच्या मजल्यावरच्या एका घरात सुनेची चिमूट एकशे नव्वद भरली आणि सासूची चारशे. तेव्हा सासूबाईंनी, म्हणूनच हिची भाजी सपक होते, हे आता सरकारी तराजूवर सिद्ध झालं, असं चारचौघांत जाहीर केलं. सूनबाई दोन दिवस माहेरी जाऊन राहिली.

बाबा संतापले. पाहणीचा विचका झाला म्हणून नव्हे, तर लोक खोटं माप देतात म्हणून.

काळमेघकाकू मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, "काय करून राहिले व तुझे बाबा? बरं आहे ना त्यायचं?"

मी बरं आहे म्हणाले खरी, पण घरी येऊन अकोल्याला मधुकाकांना फोन लावला. हे बाबांचे धाकटे भाऊ. मी सगळं सांगितलं, माशी तोलल्याचंसुद्धा. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की आयुष्यभर मोजत बसलेल्या माणसाचं डोकं असंच अचानक सरकतं, आणि आपल्या ओळखीचे एक मेंदूचे डॉक्टर आहेत. त्यांनी लगेच सतरा तारखेची वेळही घेऊन टाकली. त्या रात्री बाबा जेवताना स्वतःशीच पुटपुटत होते, आणि मी त्यांच्याकडे पाहत होते, आणि मला खरंच भीती वाटली. यांना इथे एकटं ठेवून मी जायचं कसं?

बारा तारखेपर्यंत पंधरा घरं झाली. सोळावं राहिलं.

सोळावं घर समोरच्या इमारतीत तळमजल्यावर होतं. तिथे कुमुद इंगोले राहायच्या. जिल्ह्याच्या दवाखान्यात त्या औषधं बनवण्याच्या खिडकीमागे तीस वर्षं होत्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं केलं, आणि ती आई आदल्या पावसाळ्यात गेली होती. कामापुरतं बोलणाऱ्या बाई. मी त्यांना मावशी म्हणायचे, बाबा इंगोलेबाई म्हणायचे, आणि त्यापलीकडे आमचं येणंजाणं नव्हतं.

बाबा त्यांच्याकडे तराजू घेऊन गेले आणि तसेच परत आले. दार बंद होतं म्हणाले. मला आमच्या गॅलरीतून त्यांचं दार सताड उघडं दिसत होतं. संध्याकाळी पुन्हा गेले, पुन्हा परत. आत रेडिओ लागला होता, मधेच कसं बोलायचं, म्हणाले. तेराला सकाळी ते गेले तेव्हा बाई कपडे वाळत घालत होत्या, दुपारी गेले तेव्हा घालत नव्हत्या. दोन्ही कारणं त्यांना परत यायला पुरली. मी म्हटलं, आणा तो डबा, मी जाऊन येते, एका मिनिटाचं काम.

"तू नको," बाबा इतक्या जोरात म्हणाले की तराजूची काच वाजली.

मी सतरा तारखेची वाट बघायला लागले.

मग संक्रांत उजाडली. दुपारी चारला सगळी सोसायटी नवे कपडे घालून तिळगूळ वाटत दारोदार हिंडत होती, आणि आमचे बाबा तिखट घेऊन. त्यांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली होती. उंबऱ्यापर्यंत गेले, थांबले, आणि मागे वळून मला म्हणाले, "तू चल. पेटी धर."

मी पेटी धरली.

कुमुदमावशींनी दार उघडलं. आमच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. बाबांनी पंधरा घरांत धडाधड म्हटलेलं वाक्य इथे तीन ठिकाणी तुटलं. पण मावशींना सगळं आधीच माहीत होतं. सोसायटीत कुणाला नव्हतं? त्यांनी आम्हाला आत बसवलं, हात धुऊन पुसून आल्या आणि विचारलं, "किती हवी?"

बाबा म्हणाले, किती असं नाही, तुमची नेहमीची जी असेल ती.

मावशींनी चिमूट सोडली. एकशे वीस. बाबांनी पुन्हा मागितली. एकशे वीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पेटीची चारही बाजूंनी पाहणी केली आणि तिसऱ्यांदा मागितली. काटा हलला, डुलला आणि जिथे थांबायचा तिथेच थांबला.

माझे बाबा आजवर कुठल्या देवळातही इतके नम्र झालेले मी पाहिले नव्हते.

"तीस वर्षं पुड्या बांधल्यात," मावशी म्हणाल्या. "हात चुकला तर माणूस दगावतो. पण हे कशासाठी चाललंय ते तरी कळू दे."

बाबांनी कात्रण पुढे केलं. मावशींनी ते वाचलं. मग उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं आणि खालच्या सरळ कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"इथली ओळ कुठे गेली?"

मावशी उठल्या, कपाटातून पुरवणीचं अख्खं पान घेऊन आल्या आणि माझ्यासमोर धरलं. तीच पाककृती, आणि बाबांनी जिथे कात्री चालवली होती तिथे खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं: कु. कुमुद इंगोले, अमरावती.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे कान तिखटाच्या रंगाचे झाले होते.

मावशी सांगायला लागल्या, पण सांगत होत्या मला. त्यांची आई कुठलाच काढा घ्यायची नाही. मग त्यांनी दालचिनी, वेलदोडा, जायफळ सगळं चॉकलेटच्या दुधात घातलं, कफ सुटावा म्हणून तिखट, आणि म्हातारी शेवटचे दोन हिवाळे ते मिटक्या मारत प्यायली. आई गेल्यावर कुणासाठी करायचं हा प्रश्नच होता, म्हणून नुसतं लिहून पाठवलं, छापून येईल असं वाटलंही नव्हतं. एवढं सांगून त्या बाबांकडे वळल्या.

"धर्माळेसाहेब, चिमूट माझी. मी समोरच्या इमारतीत बसलेली. आणि तुम्ही आठ दिवस अख्ख्या सोसायटीला शिंका आणत फिरलात?"

"एकदम तुमच्याकडे येता येईना," बाबा म्हणाले. "म्हटलं, बाकीची घरं आधी करावीत."

"तुम्हाला हॉट चॉकलेट आवडतं का?"

"नाही. मला गोड आवडत नाही."

"मग?"

बाबा तराजूकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा तराजूचा त्यांना काही उपयोग नव्हता.

"मला तुमच्याकडे यायचं होतं," ते म्हणाले. "सुनेत्रा पुण्याला चालली आहे. मला इथून जायचं नाही. का, ते तिला सांगता येत नव्हतं, कारण ते तुम्हालाच सांगितलेलं नव्हतं."

मी उठून पेटी हातात घेतली होती. ती कुठे ठेवावी आणि मी कुठे जावं, दोन्ही कळेना. बाहेर कुणीतरी तिळगूळ घेऊन दार वाजवलं, आणि मावशी आतूनच, "नंतर या," म्हणाल्या. संक्रांतीच्या दिवशी असं कुणी कुणाला म्हणत नाही.

मग त्या उठल्या आणि ओट्याशी गेल्या. दूध काढलं, भांडं चढवलं. थोड्या वेळाने पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नुसते बसू नका. ढवळायला या."

बाबा गेले. त्यांना कुणी काम सांगितलेलं आणि त्यांनी ते केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मावशी सांगत होत्या: दालचिनी आधी, थंड दुधात, कोको बाजूला गरम दुधात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतील, तिखट चॉकलेटबरोबरच जातं, वरून नाही, वरून टाकलं तर सायीवर बसतं. बाबांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. हे मी त्यांना आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं, पण मी मनातल्या मनातही काही म्हटलं नाही. स्वयंपाकघरभर जायफळाचा वास पसरला. मावशींकडे कप दोनच होते. मला त्यांनी औषधाच्या काचेच्या मापात दिलं, बाहेर रेघा असलेल्या, आणि बाबा माझ्या मापाकडे हेव्याने बघत राहिले.

पहिल्यांदा गोड लागतं, मग कडू, आणि आता संपलं असं वाटतं तेव्हा घशाशी हळूच ऊब येते. बाबांनी कप रिकामा केला. गोड न आवडणाऱ्या माणसाने कपाच्या तळाशी राहिलेलं चमच्याने काढून खाल्लं.

"उद्या या," मावशी म्हणाल्या. "उद्या आलं घालून बघू. आणि येताना स्वतःचा कप आणा."

एवढंच. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पण घरी येताना बाबा त्यांच्या उंबऱ्यावर डबा विसरले, पेटी माझ्याकडून घ्यायची विसरले, आणि समोरून आलेल्या काळमेघ सरांनी तिळगूळ पुढे केला तेव्हा त्यांनी त्यांचा हात धरून तो कितीतरी वेळ हलवला.

संध्याकाळी मी मधुकाकांना फोन करून डॉक्टरांची वेळ रद्द करायला सांगितली. काय झालं म्हणाले. मी म्हटलं, रोग कळला. ते घाबरले, तेव्हा सगळं सविस्तर सांगावं लागलं. काका पहिल्यांदा रागावले, या वयात लोक काय म्हणतील म्हणाले, आणि नंतर पुढच्या दिवाळीत बाबा-मावशींच्या नोंदणी लग्नाला साक्षीदार म्हणून सही करायला नवा कोट शिवून आले. सही करताना सगळ्यांत जास्त तेच रडले.

पण ते सगळं पुढचं. मी तीस जानेवारीला एकटीच पुण्याला गेले. जाताना रडले, गाडीतही रडले, बाबांची सवय सुटणं अवघड आहे असं शेजारच्या बाईंना सांगितलं. भाड्याच्या दोन खोल्यांत सामान लावता लावता मी एक यादी केली. रक्तदाबाची गोळी, गॅसचं बटण, कानटोपी, दुधवाल्याला सुट्टीचं सांगणं, अशा बारा गोष्टी होत्या, बाबांना एकेक करून विचारायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. मग मी समोरच्या इमारतीतला, सोळा नंबरचा फोन लावला.

"बोल पटकन," बाबा म्हणाले. "दूध वर येतंय."

मी विचारलं, गोळी घेतली का. मागून मावशींचा आवाज आला, "दिवाकरराव, आच कमी करा आधी."

"ठेवतो गं," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवायच्या गडबडीत नीट न ठेवता नुसताच टेबलावर टाकून गेले.

मला सगळं ऐकू येत होतं. चमचा भांड्याला लागत होता. मावशी म्हणत होत्या की जायफळ पुरे, आणि बाबा म्हणत होते की पुरे म्हणजे किती, आकडा सांगा. त्या आकडा सांगायला तयार नव्हत्या. बाबा हसत होते, अगदी मोठ्याने.

माझ्या हातात बारा गोष्टींची यादी होती आणि त्यातली पहिलीसुद्धा धड विचारून झाली नव्हती. मी बराच वेळ तशीच उभी राहून ऐकलं. मग, पलीकडे कुणाला कळणार नव्हतं तरी, आवाज होऊ न देता हळूच फोन ठेवला आणि माझ्या एकटीपुरता भात टाकायला गेले.